नवरीच्या शेजारची सीट

तुमच्या घरातलं शेवटचं लग्न आठवा. कार्यालयाच्या दारातून नवरी निघाली तेव्हा तिची गाडी कोण चालवत होतं?

आठवत नसेल. भाड्याचा ड्रायव्हर असेल, नवरदेवाचा मित्र असेल, एखादा चुलतभाऊ असेल. त्याची बायको हयात आहे की नाही, हे त्याला कोणी विचारलं नसेल. पुरुषाला असलं कोणी विचारत नाही. बायको गेलेला माणूस फुलं लावलेल्या गाडीत स्टिअरिंगवर बसला म्हणून कोणाचा संसार मोडला, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

इंदूअक्कांबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

अक्का जळगावला आमच्या शेजारी राहायच्या, भिंतीला भिंत लावून. पाइपच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला होत्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीनं गेला. मूल नाही. त्यांच्याबद्दल विचारलं की लोक एवढंच सांगतात आणि थांबतात, म्हणून मी ते आधीच सांगून मोकळी होते.

त्यांचं काम मला फार आवडायचं. नव्या पाइपचा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकं बंद करायची, आत पाणी भरायचं आणि दाब वाढवत न्यायचा. फुटेपर्यंत. "दिवसभर फोडते आणि त्याचा पगार घेते," असं त्या सांगायच्या. एकदा मी विचारलं, पाइप फुटला नाही म्हणजे चांगला, एवढं पुरेसं नाही का? तर म्हणाल्या, "न फुटणारा पाइप नसतो गं. कितीवर फुटतो ते माहीत असलं म्हणजे झालं."

यंत्रांच्या गोंगाटात बोलायची सवय असल्यामुळे त्यांचा आवाज मोठा होता. आमच्याकडे काही गुपित सांगायला आल्या तरी ते गल्लीच्या टोकाच्या किराणावाल्याला कळायचं. "हळू बोला, अक्का," आई म्हणायची. "हळूच बोलतेय," अक्का तेवढ्याच मोठ्यानं सांगायच्या. हसल्या की डोळे पूर्ण मिटायचे. डबा पितळी. उन्हाळ्यात डोक्याला ओला रुमाल. आणि कोणी काही खपवायला लागलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा : ह्याच्यात वाईट काय आहे?

गाडी घेताना त्यांनी हाच प्रश्न विचारला होता.

ती गाडी एका परदेशी कंपनीची होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती आपला बाडबिस्तरा आवरून केव्हाच परत गेली. गाडी फार जुनी नव्हती, पण दिसायची मात्र आमच्या आजोबांच्या काळातली. गोल दिवे, फुगीर पाठ, पिस्त्यासारखा फिकट हिरवा रंग आणि वर दुधी छप्पर. पुढच्या बाजूला चकचकीत पट्टी, आत घड्याळासारखी एकच गोल तबकडी. दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, मान आणि स्वाभिमान दोन्ही वाकवून आत शिरावं लागायचं. कारखान्यातल्या लोकांनी अक्कांना सल्ला दिला होता, "पांढरी घ्या, विकताना बरी पडते." अक्का म्हणाल्या, "मी विकायला घेत नाहीये."

नाशिकला जुन्या गाड्यांच्या यार्डात काय झालं ते मी दोघांच्या तोंडून दोन तऱ्हांनी ऐकलंय. अक्कांचा धाकटा भाऊ नाना, धुळ्याला बियाण्यांचं दुकान चालवणारा, त्यांच्याबरोबर गेला होता. नाना सांगायचे, दलाल एकसारखा आपल्याशीच बोलत होता, तेव्हा आपण त्याला सुनावलं : गाडी तिला घ्यायचीय, मला काय दाखवता? अक्का सांगायच्या, "नाना कशाचं सुनावतो! तो मागच्या सीटवर बसून बघायला गेला आणि तिथंच अडकला. म्हणून तो माणूस माझ्याशी बोलला."

"हिच्यात वाईट काय आहे?" अक्कांनी त्याला विचारलं.

"काहीच नाही, मॅडम. एका डॉक्टरांची गाडी. जपून वापरलेली."

"डॉक्टरांचं राहू द्या. हिच्यात वाईट काय?"

"मॅडम, एकदा चालवून बघा, मग म्हणाल..."

"चालवणारच आहे. आधी वाईट सांगा. सांगितल्याशिवाय मी घेत नाही."

तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला म्हणे. शेवटी म्हणाला, "पार्ट मिळत नाहीत. डावी काच अर्ध्यावर अडकते. आणि मागे माणसं बसत नाहीत."

"बसतात की. माझा भाऊ बसलाय."

"ते उतरले की बोलू, मॅडम."

अशी ती गाडी जळगावला आली. गल्लीतली पोरं तिला बेडकी म्हणायची. अजिंठा चौफुलीजवळचे रशीदभाई मिस्त्री म्हणायचे, "अक्का, ये गाडी नहीं, मेहमान है. इसको संभालो मत, इसकी खातिर करो." अक्का खातिर करायच्या. आमच्याकडच्या मे महिन्यात, लोखंडी फाटकाला हात लावता येत नाही अशा उन्हात, त्या तिच्यावर जुनी चादर ओली करून टाकायच्या. डावी काच अर्ध्यावर अडकली की खाली उतरून, दोन्ही तळहातांनी काच दाबत, म्हाताऱ्या गाईशी बोलावं तसं तिच्याशी बोलायच्या.

आणि एक पिवळा दिवा होता. किल्ली अर्धी फिरवली की तबकडीत तो लागायचा. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच किल्ली पूर्ण फिरवायची. डिझेलच्या गाडीला आतून तापायला वेळ लागतो, तेवढाच. पण बाकीच्या गाड्यांत तो दिवा लागला न लागला तोच विझतो. हिचा मात्र सावकाश. मला गाडी शिकवताना अक्कांनी पहिल्या दिवशी फक्त हेच शिकवलं. मी घाईनं किल्ली फिरवली, गाडी खरखरून गप्प झाली. "थांब की जरा," अक्का ओरडल्या. "तिला विचार करू दे. तुझ्यासारखी नवीन पोरगी बघून काय वाटलं असेल तिला!"

आता हळदीकुंकवाचं सांगते. संक्रांतीनंतर आमच्या गल्लीतल्या बायकांना एका दिवसात चार घरं करायची असायची, आणि रिक्षात साड्या चुरगळतात. मग त्या अक्कांकडे यायच्या. "अक्का, जरा सोडता का?" अक्का सोडायच्या. मागच्या सीटवर भरजरी साड्या कोंबून, पुढची सीट त्यांच्या गुडघ्यांवर परत लोटून. "अक्का, ही मागची सीट कोणाच्या मापाची केलीय हो?" "माझ्या मापाची पुढची आहे. तुम्ही पाहुण्या." हसत-खिदळत गाडी जायची. बायका आत जायच्या, आणि अक्का बाहेर गाडीत बसून राहायच्या. कोणी म्हणायचं नाही, आत चला. अक्काही कधी म्हणाल्या नाहीत. डबा उघडून काहीतरी खात, अर्ध्या काचेतून बाहेर बघत बसायच्या. एकदा मी विचारलं, राग येत नाही? "येतो ना," म्हणाल्या. "पण रागावून घरी बसले तर गाडी पण घरी बसेल."

गाडी घेतल्यावर त्या पहिल्यांदा दिवाळीत, भाऊबिजेला धुळ्याला गेल्या. बरोबर मीही होते. नानांची मुलगी पूनम तेव्हा कॉलेजात होती. ती ओट्यावरून उडी मारून आली आणि दिव्यांवरून हात फिरवत म्हणाली, "फुई, ही तुनी शे?" खानदेशात आत्याला फुई म्हणतात. अक्का आमच्याशी शहरी मराठीत बोलायच्या, पण धुळ्याला गाडी वळली की त्यांची अहिराणी सुरू व्हायची.

"मनीच शे."

"खरीखुरी?"

"खोटी व्हती तर इथलोंग कशी उनी?"

पूनम पुढे बसली. गावातून एक मोठी चक्कर झाली, पांझरा नदीच्या पुलावरून पलीकडे आणि परत. लोक थांबून बघत होते. मी मागे, गुडघे हनुवटीला लावून. परत येताना पूनम म्हणाली, "फुई, मना लगनमा मी याच गाडीमा जासू. आनि तूच चालाडजो."

"आनि नवरदेव?"

"तो मांगे."

"मंग मांगे मावी असा बारका नवरदेव दखना पडी!"

दोघी इतक्या हसल्या की अक्कांना गाडी बाजूला घ्यावी लागली. पूनमनं हात पुढे केला. अक्कांनी त्यावर टाळी दिली. त्यानंतर प्रत्येक भाऊबिजेला पूनम आठवण करून द्यायची, आणि अक्का म्हणायच्या, "मी तयार शे. तू नवरदेव दख."

ही गोष्ट अक्कांनी फार मनावर घेतली होती. बाकीच्या लग्नांत काय झालं ते सांगितलं म्हणजे का, ते कळेल.

त्या गाडीचा फोटो छान यायचा. तेवढ्यासाठी लग्नसराईत लोक आमच्या गल्लीत यायला लागले. पहिले आले ते पलीकडच्या रस्त्यावरचे डाळमिलवाले शेठ. मुलीची पाठवणी होती.

"अक्का, एक दिवस गाडी द्या ना. फोटोत काय उठून दिसेल!"

"देते की. किती वाजता येऊ?"

"नाही, नाही. तुम्ही कशाला उन्हात त्रास घेता? आपला ड्रायव्हर आहे."

"ही माझ्याशिवाय सुरू होत नाही."

"अक्का, तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतो ते..."

"कळतंय. म्हणूनच विचारते, किती वाजता येऊ?"

शेठ चहा न घेता गेले. आता हे नीट समजून घ्या. दुसऱ्या कोणत्याही गाडीत नवरानवरी मागे बसतात आणि पुढे चालवणारा कोण, ते फोटोतही येत नाही. ह्या गाडीत शालू नेसलेल्या बाईला मागे शिरताच येत नाही. नवरीला पुढेच बसावं लागतं, चालवणाऱ्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, थेट सासरच्या दारापर्यंत. म्हणजे तिच्या शेजारी अक्का! माहेर सुटल्यावर पहिली सोबत एका विधवेची! हे कोणाला चालणार? गाडी सगळ्यांना हवी होती. ज्या बाया हळदीकुंकवाला त्याच गाडीतून फिरल्या होत्या, त्याही आल्या. अक्कांचं उत्तर ठरलेलं होतं : गाडी जाईल तिथं मी जाईन.

मग एक दिवस सर आले.

सर म्हणजे आमच्या रूढीविरोधी चळवळीतले. माझे पप्पा छपाईचं काम करतात, आणि आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे गाद्यांपेक्षा जास्त होते. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. विधवांना मंगलकार्यातून बाजूला सारण्याच्या चालीविरुद्ध सरांनी एक पत्रक लिहिलं होतं. पप्पांनी छापलं. मी घड्या घातल्या. आणि अक्कांनी ते गठ्ठे आपल्या गाडीच्या डिकीत भरून धरणगावपर्यंत पोचवले, बाजाराच्या दिवशी स्वतः उभं राहून वाटले. कपाशी घेऊन आलेले शेतकरी पत्रकापेक्षा गाडीकडेच बघत होते, पण घेत होते. परत येताना अक्का गात होत्या. त्यांचा गळा भयंकर होता.

सरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. साधं, हुंड्याशिवाय, भाषणं वगैरे होणार होती. सरांना गाडी हवी होती.

"केव्हा येऊ?" अक्कांनी विचारलं. त्या दिवशी त्यांच्या आवाजात नेहमीची खोच नव्हती. हा माणूस आपला आहे, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

सर चष्मा पुसत राहिले. "अक्का, तुम्ही मला ओळखता. मी असलं काही मानत नाही. पण व्याही जुन्या वळणाचे आहेत हो."

"सर, ते पत्रक व्याह्यांना दिलं होतं का?"

सर हसले. अक्कांनी विनोद केला असं त्यांना वाटलं. आमच्या ओट्यावर बसून मी ते हसणं ऐकलं, आणि लहानपणापासून घड्या घातलेला कागदन् कागद मला त्या हसण्यात चुरगळताना दिसला. त्या लग्नाची पत्रिकाही पप्पांनीच छापली. आमचं घर लग्नपत्रिकांवर चालतं, पत्रकांवर नाही, हेही इथं लिहून टाकलेलं बरं.

सर गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "शेठ बरा गं. तो मानतो आणि तसं वागतो. ह्या 'मानत नाही, पण'वाल्यांना कुठं धरायचं?"

मग पूनमचं लग्न ठरलं. सासर सोनगीरचं, धुळ्यापासून हायवेनं जवळच. लग्न धुळ्याच्या कार्यालयात. अक्कांनी त्या लग्नाची तयारी नवरीच्या आईसारखी नाही, ड्रायव्हरसारखी केली. रशीदभाईंकडे गाडी आठवडाभर पडून होती. डावी काच त्यांनी कशी केली कोण जाणे, पण वरपासून खालपर्यंत सुरळीत सरकायला लागली. "मेहमान बारात में जा रही है," म्हणाले, "खिड़की से हवा तो खाएगी." अक्कांनी मोरपंखी साडी घेतली आणि काठ पायात येतो का, क्लचवर पाय ठेवून पाहिलं. आम्ही दोघी हळदीच्या दिवशी निघालो. पारोळ्याजवळ त्या म्हणाल्या, "हळद लावायला मला बोलवणार नाहीत. देवकाच्या वेळी पण नाही. मला त्याचं काही नाही. एवढी गाडी चालवली की मला सगळं लग्न मिळालं."

त्यांना एवढंच हवं होतं. धुळे ते सोनगीर.

हळद झाली. अक्का स्वयंपाकाच्या बाजूला वांगी चिरायला बसल्या होत्या, मी शेजारी. नाना आले. जरा वेळ उगाच भांडी बघत उभे राहिले.

"अक्का, किल्ली दे ना. पोरं फुलं लावतीन."

"लावू दे. फुलंले किल्ली कसाले लागस?"

नाना तिथंच खाली बसले. त्यांना खाली बसायला त्रास व्हायचा, तरी बसले.

"सोनगीरवालास्नी इचारं, गाडी कोन चालाडी."

"मंग सांगं नही, पोरनी फुई चालाडी?"

"अक्का, मी नही मानस. तुले माहीत शे. पन बठ्ठा लोके मानतस."

अक्कांनी विळी बाजूला सारली. "बठ्ठा लोके म्हनजे कोन, नाना? नाव सांग."

नाना परत भांड्यांकडे बघायला लागले.

"एक तरी नाव सांग. मी जाईसन बोलस त्यासनाशी."

बठ्ठा म्हणजे सगळे. नानांना त्यातलं एकही नाव सांगता आलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते खरोखर आठवत होते. सासऱ्याचं नाव घ्यावं, तर तो बिचारा भला माणूस होता. भटजींनी काही म्हटलेलं नव्हतं. नवरदेव तर मोबाइलमध्ये होता. ज्या लोकांच्या भीतीनं हा माणूस आपल्या सख्ख्या बहिणीपुढे मान खाली घालून बसला होता, त्या लोकांमधला एकही माणूस त्याला सापडत नव्हता.

"पूनमले सांगू दे," अक्का म्हणाल्या. "ती सांगी तर देसू."

पूनमला बोलावलं. ती मेंदीचे दोन्ही हात पुढे धरून आली. हळदीनं चेहरा पिवळा. तिनं आधी वडिलांकडे पाहिलं आणि मग फुईकडे. आणि ती अहिराणीत बोलली नाही. पाहुण्यांशी बोलतात तसं शहरी मराठीत म्हणाली, "फुई, लग्नानंतर आपण दोघी फिरायला जाऊ ना. तू म्हणशील तिथं. आत्ता नको ना गं."

अक्का शेठपुढे टिकल्या होत्या. सरांपुढे टिकल्या होत्या. मेंदीच्या त्या दोन हातांपुढे नाही टिकल्या. कंबरेची किल्ली काढून पूनमच्या हातात द्यायला त्यांनी हात पुढे केला, पण मेंदी ओली होती. म्हणून नानांच्या हातात दिली.

"पिवळा दिवा इझू दे म्हना," एवढंच बोलल्या. "तोपर्यंत थांबजा."

आणि परत वांगी चिरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवणी. गाडी झेंडूनं मढवलेली. सकाळपासून पोरांनी तिच्यातली गाणी मोठ्यानं लावून ठेवली होती. नवरदेवाला मागे घडी घालून बसवलं; त्याचा फेटा छताला टेकत होता. पूनम पुढे बसली. स्टिअरिंगवर नवरदेवाचा चुलतभाऊ, काळा चष्मा लावलेला. फोटोवाले पुढे झाले. त्यानं ऐटीत किल्ली फिरवली.

खर्रर्र.

दिवा विझायची वाट त्यानं पाहिली नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा. दर वेळी आवाज बारीक होत गेला. बॅटरी गाण्यांनी निम्मी खाल्लेली होतीच. रडणारे थांबले. एक म्हातारी पुटपुटली, हे काही बरं नाही झालं. "कोणाची म्हणे गाडी?" "आत्याची. ती नाही का, विधवा..." एका क्षणात कुजबूज गाडीभोवती फिरून आली. ज्या अपशकुनाला टाळायला अक्कांना मागे ठेवलं होतं, तो ह्या लोकांनी स्वतःच्या हातानं गाडीत नेऊन बसवला होता, आणि दोष परत अक्कांवरच आला.

अक्का कार्यालयाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या होत्या. मोरपंखी साडीत. नाना घामानं भिजून आले. "अक्का, चाल."

त्या चालू लागल्या. गर्दीनं वाट दिली. मान म्हणून दिली असं मला लिहायला आवडलं असतं, पण बायका पदर आवरून घेत होत्या.

चुलतभाऊ उतरला. अक्का बसल्या. गाणी बंद केली. किल्ली अर्धी फिरवली, आणि पिवळा दिवा लागला.

त्या थांबल्या. दोघी शेजारी-शेजारी बसल्या होत्या, खांद्याला खांदा लावून, जसं ठरलं होतं तसं. तबकडीच्या काचेवर झेंडूची एक पाकळी पडली होती. अक्कांनी ती पदरानं उचलली. पूनम समोर बघत होती. एकदाही तिनं मान वळवली नाही. मला वाटलं, आता वळवेल. आता म्हणेल, फुई, चल. एवढाच एक शब्द. दिवा जळत होता, आणि ती मुलगी सरळ समोर बघत होती.

दिवा विझला. अक्कांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांचा हात गिअरवर गेला. तेवढ्यात नाना खिडकीत वाकले, रशीदभाईंनी दुरुस्त केलेल्या त्याच खिडकीत, पूनमच्या बाजूनं, आणि मुलीच्या अंगावरून पलीकडे बहिणीला म्हणाले, "बस, अक्का. आते उतर."

अक्का उतरल्या.

चुलतभाऊ बसला. बसण्याआधी त्यानं रुमालानं स्टिअरिंग पुसलं. घामामुळे असेल. मला तसंच मानायचं आहे.

गाडी गेली. नाना म्हणाले, सांजच्याला गाडी परत येईल, मग जा. अक्का म्हणाल्या, "राहू दे. तथीच ऱ्हाऊ दे तिले." त्यांनी हे इतक्या हळू म्हटलं की मला ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं. अक्कांचं बोलणं मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, असं तोपर्यंत कधीच झालं नव्हतं.

ती गाडी सोनगीरला आहे. मागे एकदा त्या बाजूला गेले तेव्हा पाहिली. घराच्या कडेला उभी, चाकांतली हवा गेलेली, आरशाला सुकलेल्या झेंडूचा दोरा तसाच. "दिसायला भारी, पण सुरूच होत नाही," घरातला एक जण म्हणाला. मी दिव्याबद्दल काही सांगितलं नाही. भिंतीवर लग्नाचा मोठा फोटो आहे : गाडी, नवरी, काळा चष्मा.

अक्का पुढच्याच उन्हाळ्यात गेल्या. मी तेव्हा नोकरीसाठी नाशिकला होते, लग्नाहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे निघाले होते. पप्पांचा फोन आला. उन्हाचा ताप डोक्यात गेला म्हणाले. म्हणजे त्या दिवशी धुळ्याहून परत येताना त्यांना पाहिलं ते शेवटचं.

आम्ही एस.टी.नं आलो. खिडकीची सीट मी त्यांना दिली. पारोळं गेलं, एरंडोल गेलं. मांडीवर पितळी डबा, दोन्ही हात त्यावर. बाहेर कपाशीची शेतं, समोरून येणारे केळीचे ट्रक. मला वाटलं डोळा लागलाय. मग गतिरोधक आला, आणि मी खाली पाहिलं. मोरपंखी साडीच्या काठाखाली त्यांचं उजवं पाऊल एस.टी.च्या पत्र्यावर घट्ट दाबलं गेलं होतं. गाडी पुढे गेली, पाऊल सैल झालं. पुढे बैलगाडी आडवी आली, पुन्हा दाबलं. जळगाव येईपर्यंत त्या तो ब्रेक लावत होत्या. जो तिथं नव्हता.

मला फार आशा नाही. पत्रकांनी काय होतं ते मी पाहिलं आहे, आणि हे लिहिणंही एक पत्रकच आहे. तरी एक काम सांगते. तुमच्या घरात पुढचं लग्न ठरेल तेव्हा, हॉल ठरवण्याच्या आधी, मागे उभ्या राहणाऱ्या त्या बाईकडे जा. प्रत्येक घरात एक असते. तुम्हाला ती आत्ता डोळ्यांसमोर आली आहे. तिला गाडी येत असेल तर नवरीच्या गाडीची किल्ली तिच्या हातात द्या. येत नसेल तर नवरीच्या शेजारी बसवा. आणि एकदा बसवल्यावर तिला उतरवू नका. "आम्ही मानत नाही, पण" हे तुमच्या तोंडावर येईल. 'पण'च्या आधी थांबा. पाहुणे विचारतील, गाडीत कोण आहे?

तिचं नाव सांगा. मोठ्यानं सांगा.